निवृत्त आरिआनचं चालतं इंजिन

१५ फेब्रुवारी २००३ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून आरिआन-४ जातीचं शेवटचं रॉकेट उडालं. ११६ उड्डाणांपैकी ११३ यशस्वी, असा हिशेब मागे ठेवून युरोपनं हे रॉकेट निवृत्त केलं आणि त्याच्याबरोबर त्याचं व्हायकिंग हे इंजिनही इतिहासजमा झालं. निदान युरोपपुरतं तरी. कारण त्याच इंजिनाचं भारतीय भावंड, विकास, आजही मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात आणि हैदराबादला घडवलं जातं. पीएसएलव्हीपासून चांद्रयान-३ नेणाऱ्या एलव्हीएम-३ पर्यंत इस्रोच्या सगळ्या मोठ्या रॉकेटांत ते बसतं. ज्यानं तंत्र दिलं त्यानं ते मोडीत काढलं आणि ज्यानं घेतलं तो अजून ते वापरतो आहे, सुधारतो आहे. याकडे पाहून कुणी म्हणेल की जग पुढे गेलं आणि आपण उसन्या, जुन्या मालावर अडून बसलो. कुणी म्हणेल की घेतलेली विद्या इतकी अंगी मुरली की देणाऱ्याची गरजच उरली नाही. मला दुसरं म्हणणं जास्त खरं वाटतं. मात्र ते प्रत्येक परवान्याबद्दल खरं नसतं. परवान्याची किंमत कशात मोजली आणि मिळालेलं ज्ञान पुढे कुणाच्या हातात गेलं, यावर सगळं ठरतं.

पुणे जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. इथला कारखानदारीचा पायाच मुळी परवान्यांवर घातला गेला. बजाजनं इटलीच्या पियाजिओकडून व्हेस्पाचा परवाना घेतला, तो १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये चेतक रस्त्यावर आली. बजाज टेम्पोनं तीनचाकी जर्मनांकडून घेतली, किर्लोस्करांनी कमिन्सबरोबर कोथरूडला डिझेल इंजिनं बनवायला सुरुवात केली. पुण्याजवळच्या भुकूमच्या पुढे पिरंगुट-उरवड्याच्या औद्योगिक पट्ट्यात ज्या वर्कशॉपांत पार्टीचं ड्रॉइंग घेऊन जॉब काढले जातात, तिथल्या कुठल्याही जुन्या टर्नरला यातली गोम ठाऊक असते. ड्रॉइंगवर माप असतं, टॉलरन्स असतो, धातू कुठला तेही असतं. ते माप तेवढंच का, हे ड्रॉइंगवर नसतं. ज्याला ते ‘का’ कळलं तो उद्या स्वतःचं ड्रॉइंग काढू शकतो. ज्याला नाही कळलं तो आयुष्यभर दुसऱ्याचे जॉब काढतो, मग हात कितीही साफ असोत. रॉकेटचा परवाना हा याच व्यवहाराचा मोठा नमुना आहे.

विकास इंजिन म्हणजे नेमकं काय, हे आधी पाहू. यात दोन द्रव जळतात. एक इंधन, यूडीएमएच नावाचं हायड्रॅझिनच्या कुळातलं, आणि दुसरं त्याला ऑक्सिजन पुरवणारं नायट्रोजन टेट्रॉक्साइड. हे दोन द्रव एकमेकांना भेटताच पेट घेतात, ठिणगी लागतच नाही. त्यामुळे इंजिन हुकमी पेटतं, आणि द्रव साध्या तापमानाला टाक्यांत भरून ठेवता येतात. अवघड काम असतं ते दर सेकंदाला शेकडो किलो द्रव प्रचंड दाबानं ज्वलनकक्षात ढकलण्याचं. त्यासाठी मिनिटाला दहा हजारांच्या घरात फेरे घेणारा टर्बोपंप लागतो. तो फिरवायला एका छोट्या कक्षात थोडं इंधन वेगळं जाळतात, आणि त्या वायूनं टर्बाइनची पाती वितळू नयेत म्हणून त्यात पाणी मारून तो थंड करतात. रॉकेटच्या पोटात पाण्याची टाकी असते हे वाचून नवल वाटतं, पण ती आहे. २२ फेब्रुवारी १९९० रोजी एक आरिआन-४ याच पाण्यापायी कोसळलं होतं. जोडणीच्या वेळी पाण्याच्या नळीत एक फडकं राहून गेलं होतं. एका फडक्यानं दोन उपग्रहांसह सगळं रॉकेट गेलं.

यातलं नायट्रोजन टेट्रॉक्साइड आपल्या ओळखीच्या ठिकाणी तयार होत आलं आहे. रायगड जिल्ह्यात रसायनीला हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना होता. २०१७ मध्ये तोट्यामुळे तो बंद करायचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळानं घेतला, तेव्हा एकच प्लांट वगळला आणि तो इस्रोकडे सोपवायचं ठरवलं. तो या द्रवाचा प्लांट होता, कारण देशात तो दुसरं कुणी बनवत नव्हतं. २१ अंश सेल्सिअसला उकळणारा, उघड्यावर तांबूस विषारी वाफा सोडणारा हा द्रव हाताळायला जी शिस्त लागते, ती आयात करता येत नाही. इंजिन परवान्यानं मिळालं तरी त्याच्या पोटात जाणारं रसायन आपल्याच माणसांनी वर्षानुवर्षं बनवलं, भरलं, वाहून नेलं. परवान्याच्या कागदावर या कामाची नोंद कुठेच नसते.

आता मूळ व्यवहाराकडे येऊ. १९७४ मध्ये इस्रोनं फ्रान्सच्या सेप या कंपनीशी करार केला. व्हायकिंग तेव्हा आकार घेत होतं, उडालं नव्हतं. आरिआनचं पहिलं उड्डाण व्हायचं होतं ते २४ डिसेंबर १९७९ ला. फ्रेंचांना माणसं हवी होती, भारताकडे पैसे नव्हते. म्हणून ठरलं ते असं की भारतीय अभियंते फ्रान्समध्ये जाऊन एकूण शंभर मनुष्यवर्षांचं काम करतील, शिवाय भारत दाब मोजणारे हजारो ट्रान्सड्यूसर बनवून देईल, आणि बदल्यात इंजिनाचं तंत्रज्ञान भारताला मिळेल. रोख रक्कम द्यायची नव्हती. एस. नंबी नारायणन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय अभियंते पॅरिसजवळच्या वेर्नों इथं सेपच्या केंद्रात कामाला लागले. याच नारायणन यांना पुढे १९९४ मध्ये हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली अटक झाली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना ५० लाखांची भरपाई देण्याचा आदेश दिला. इंजिनाची ही हकिगत सांगताना देशानं त्यांना दिलेली वागणूक गिळून टाकणं बरं नव्हे.

पैशाऐवजी श्रम देण्याची ही अट त्या वेळी गरिबीची खूण वाटली असेल, पण सगळ्यात मोठा लाभ तिनंच दिला. पैसे मोजून ड्रॉइंग घेतलं असतं तर तयार इंजिनाचं ड्रॉइंग मिळालं असतं. श्रम दिल्यामुळे आपली माणसं इंजिन घडत असताना, त्याचे दोष निघत असताना तिथं होती. दोषही थोडेथोडके नव्हते. २३ मे १९८० रोजी आरिआनचं दुसरंच उड्डाण कोसळलं, कारण पहिल्या टप्प्यातल्या चार व्हायकिंगपैकी एकात ज्वलन अस्थिर झालं. ज्वलनकक्षात दाबाच्या लाटा उठतात, एकमेकींना बळ देतात आणि क्षणार्धात धातू फाडतात. द्रव इंधनाच्या इंजिनांचा हा जुना रोग आहे. तो बरा करायला द्रव ज्या झाऱ्यातून कक्षात फवारला जातो त्या इंजेक्टरच्या रचनेपर्यंत मागे जावं लागतं. हा धडा कुठल्याही हस्तांतर-करारात लिहून देता येत नाही. आणि त्यानंतरच्या लगेचच्या उड्डाणात, १९ जून १९८१ ला, आरिआननं भारताचा ॲपल हा ६७३ किलोचा दळणवळण उपग्रह मोफत वर नेला. बैलगाडीवर ठेवलेल्या उपग्रहाचं छायाचित्र अनेकांच्या लक्षात असेल, तोच हा ॲपल. व्हायकिंगची परीक्षा अजून पुरती झालेली नव्हती, तेव्हा भारताचा उपग्रह त्याच्या डोक्यावर होता.

भारतात बनलेलं पहिलं इंजिन तयार झालं तेव्हा ते चालवून पाहायला आपल्याकडे चाचणीतळच नव्हता. ते वेर्नोंला नेलं आणि डिसेंबर १९८५ मध्ये तिथं ते १८० सेकंद निर्दोष चाललं. मग तमिळनाडूत महेंद्रगिरीला आपला तळ उभा राहिला. २० सप्टेंबर १९९३ ला पीएसएलव्हीचं पहिलं उड्डाण फसलं, १५ ऑक्टोबर १९९४ चं दुसरं साधलं, आणि दुसऱ्या टप्प्यातलं विकास कक्षेत जाणाऱ्या भारतीय रॉकेटचा नेहमीचा भाग झालं. करारापासून यशापर्यंत वीस वर्षं गेली. परवाना म्हणजे जवळची वाट असं मानणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

या वीस वर्षांतलं निम्मं काम कारखान्यांतलं आहे. कुलपं, तिजोऱ्या, कपाटं आणि टाइपरायटर यांसाठी घराघरांत माहीत असलेल्या विक्रोळीच्या गोदरेजकडे १९८० च्या दशकाच्या मध्याला इस्रोचं काम आलं आणि त्यातून विकास इंजिनं बनू लागली. हे काम किती नाजूक असतं, ते १० जुलै २००६ च्या उड्डाणानं दाखवलं. इस्रोच्या जीएसएलव्ही या रॉकेटच्या चार बाजूंना चार विकास इंजिनं असतात आणि दुसऱ्या टप्प्यात पाचवं. त्या दिवशी उड्डाणानंतर सेकंद उलटायच्या आत चारपैकी एका इंजिनाचा जोर गेला, रॉकेट कलंडलं आणि इन्सॅट-४सी हा उपग्रह समुद्रात गेला. चौकशीत दोष निघाला तो इंधनाचा प्रवाह नियंत्रित करणाऱ्या रेग्युलेटरमध्ये. तो बंद स्थितीत जितका द्रव जाऊ देणं अपेक्षित होतं त्यापेक्षा जास्त जाऊ देत होता. घडवतानाची चूक होती आणि ती तपासणीतूनही निसटली होती. आराखड्यात खोट नव्हती. परवाना देणारा देश आराखडा देऊ शकतो, पण पंचविसाव्या आणि शंभराव्या नगालाही तेच माप येईल याची हमी तो देऊ शकत नाही. ती इथल्याच यंत्रावर, इथल्याच तपासनिसाच्या नजरेखाली तयार व्हावी लागते, आणि चुकली तर इथंच दुरुस्त करावी लागते. विकासच्या बाबतीत ती दुरुस्त झाली.

परवाना म्हणजे ताबेदारी, असं म्हणणाऱ्यांच्या हाती जपानचं उदाहरण आहे, आणि ते सहज बाजूला सारण्यासारखं नाही. जपाननं १९६९ मध्ये अमेरिकेशी करार केला आणि स्वतःचं क्यू नावाचं रॉकेट गुंडाळून अमेरिकन डेल्टा रॉकेटवर आधारलेलं एन-१ बांधायला घेतलं. पहिला टप्पा मित्सुबिशीनं परवान्यावर बनवला, दुसऱ्या टप्प्याचं एलई-३ इंजिन अमेरिकन मदतीनं जपानमध्ये बनलं, तिसरा टप्पा अमेरिकन घन इंधनाचा. ९ सप्टेंबर १९७५ ते ३ सप्टेंबर १९८२ या काळात तानेगाशिमाहून ते सात वेळा उडालं, आणि निवृत्त झालं. भूस्थिर कक्षेत ते जेमतेम १३० किलो नेऊ शकत असे. जपानला हे तंत्र तिसऱ्या देशाला देण्याची मुभा नव्हती, आणि या घराण्यातल्या रॉकेटांचे काही भाग बंद पेटीसारखे यायचे: बसवा, वापरा, उघडू नका. ही ताबेदारीच होती. तरीही पुढे काय झालं ते पाहावं. एन-२ आलं, मग १९८६ मध्ये एच-१. त्यात दुसरा टप्पा जपाननं स्वतःच्या, द्रवरूप हायड्रोजन जाळणाऱ्या एलई-५ इंजिनाचा बसवला, खालचा टप्पा अजून परवान्याचाच होता. १९९४ मध्ये एच-२ उडालं, ते संपूर्ण जपानी. जपाननं परवान्याचं रॉकेट एकदम टाकून दिलं नाही, वरून खाली एकेक टप्पा बदलत आणला. पेटी बंद असली तरी तिच्या आजूबाजूचं सगळं शिकून घेतलं. अटी कडक असूनही शिकणाऱ्याचा बेत पक्का असला तर परवाना शिडीसारखा वापरता येतो. बेत नसेल तर उदार अटींचाही उपयोग नाही.

नुसती वस्तू घेतली तर काय होतं, तेही आपण अनुभवलं. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाच्या ग्लावकॉसमॉसशी क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव जाळणाऱ्या, इंजिनांचा करार झाला, त्यात तंत्रज्ञानही मिळणार होतं. अमेरिकेनं निर्बंध आणले आणि १९९३ मध्ये रशियानं तंत्रज्ञान देण्याचं कलम मागे घेतलं. तयार टप्पे आले, विद्या आली नाही. भारतीय क्रायोजेनिक इंजिन पहिल्यांदा उडालं १५ एप्रिल २०१० ला, ते फसलं, आणि ५ जानेवारी २०१४ ला यशस्वी झालं. वीस वर्षं इथंही लागली, पण व्हायकिंगच्या वीस वर्षांत आपली माणसं आतून शिकत होती, या वीस वर्षांत बाहेरून धडपडत होती. यात सुदैवाचाही वाटा आहे. १९७४ मध्ये क्षेपणास्त्र-तंत्रज्ञानावरचे आंतरराष्ट्रीय निर्बंध अस्तित्वात नव्हते, ते १९८७ मध्ये आले. फ्रान्सशी करार दहा-बारा वर्षं लांबला असता तर बहुधा झालाच नसता.

सगळ्यात सबळ आक्षेप घरातून येतो. परवान्याविना चालत होतं हे वसंत गोवारीकरांनी दाखवून दिलं नाही का? पुण्यात जन्मलेले, बर्मिंगहॅमला शिकलेले गोवारीकर १९६७ मध्ये भारतीय अवकाश कार्यक्रमाचे प्रवर्तक विक्रम साराभाई यांच्या बोलावण्यावरून थुंब्याच्या रॉकेट तळावर आले आणि त्यांनी घन इंधनाची संपूर्ण भारतीय परंपरा उभी केली. १८ जुलै १९८० ला रोहिणी उपग्रह कक्षेत नेणाऱ्या एसएलव्ही-३ चे चारही टप्पे घन इंधनाचे होते आणि ते भारतीय होते. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा, १३९ टन घन इंधनाचा, याच परंपरेतला. त्याची पोलादी आवरणं इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला बनतात, जिथं साखर कारखान्यांची यंत्रं बनत. भुकूमजवळ उगम पावणारी राम नदी खाली पाषाणला येते, तिथं सुतारवाडीत संरक्षण खात्याची एचईएमआरएल ही प्रयोगशाळाही घन इंधनावरच काम करते. म्हणजे पुणे परिसराचा या विषयातला हात जुना आहे. हा अभिमान योग्यच आहे. पण त्याच थुंब्यात १९६४ च्या करारानं सुद एव्हिएशन या फ्रेंच कंपनीच्या सेंतोर साउंडिंग रॉकेटचा परवाना आला होता, आणि १९६९ पासून ती रॉकेटं तिथं बनत होती. साराभाईंनी दोन्ही वाटा शेजारीशेजारी चालू ठेवल्या. गोवारीकरांनी त्यातली स्वतंत्र वाट धरली आणि ती यशस्वी केली, हे त्यांचं मोठेपण. ती धरताना शेजारी परवान्यानं आलेलं, नियमानं चालणारं उत्पादन होतं, हेही तितकंच खरं. शिवाय घन इंधन एकदा पेटलं की विझवता किंवा नेमकं आवरता येत नाही, आणि त्याच वजनात द्रव इंधन जास्त जोर देतं. चारही टप्पे घन ठेवून एसएलव्ही-३ चाळीस किलोंच्या आसपास पोचलं. टनाच्या हिशेबात बोलायचं तर विकास लागलं. पीएसएलव्हीत घन, द्रव, घन, द्रव असे टप्पे एकाआड एक येतात: वालचंदनगरच्या आवरणावर विक्रोळीचं इंजिन. दोन परंपरांमध्ये एकीला खरी आणि दुसरीला उसनी म्हणणं मला या रॉकेटवर अन्याय करणारं वाटतं.

उरतो तो आक्षेप जुनेपणाचा, आणि इथं मी पूर्ण बचाव करणार नाही. विकासचे दोन्ही द्रव विषारी आहेत. युरोपनं आरिआन-४ बरोबर ते मुख्य टप्प्यांतून काढले. केरोसिन आणि द्रवरूप ऑक्सिजन जाळणारं, दोन हजार किलोन्यूटन जोराचं सेमी-क्रायोजेनिक इंजिन आपण कित्येक वर्षं बनवतो आहोत, त्याच्या मुख्य भागाची पहिली यशस्वी ज्वलन-चाचणी महेंद्रगिरीला मार्च २०२५ मध्ये झाली. विकास इतकं भरवशाचं निघालं की त्याची जागा घेणाऱ्या इंजिनाची घाई कुणाला वाटली नाही, असं माझं अनुमान आहे. आत्मसात केलेल्या परवान्याचा हा धोका खरा आहे: तो हात तयार करतो, पण हाताला सवयही लावतो. मात्र सवय म्हणजे थांबणं नव्हे. गगनयानसाठी, म्हणजे माणसं वर न्यायच्या तयारीसाठी, विकास जुलै २०२१ मध्ये सलग २४० सेकंद चालवून पाहिलं. जानेवारी २०२५ मध्ये ते विझवून पुन्हा पेटवण्याची चाचणी झाली. व्हायकिंगनं वाहिलेल्या आरिआनांनी १४४ उड्डाणांत एकाही माणसाला वर नेलं नाही, आणि एलव्हीएम-३ ला मात्र तळाशी दोन विकास घेऊन तेच करायचं आहे.

सेमी-क्रायोजेनिक इंजिन एलव्हीएम-३ मध्ये आलं की ही दोन विकास इंजिनं निघतील. केरोसिनला रसायनीच्या द्रवाची गरज नाही, मात्र ते वेगळ्यानं पेटवावं लागतं. ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर हाताळावा लागतो, तेव्हा व्हॉल्व्ह, सील, पंप सगळं वेगळं लागेल आणि विक्रोळीतल्या लोकांना नवे जॉब, नवी सेटिंग, नवी तपासणी बसवावी लागेल. ते ड्रॉइंग आता वेर्नोंहून येणार नाही.